इलेक्ट्रिक टूथब्रशचा खर्च खरोखर वसूल होतो का?

सांजवारा

नमस्कार. नियमित तपासणीत माझ्या दंतवैद्यांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. खालच्या जबड्यात पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिभेकडच्या बाजूला, कीटण साचते आणि वरच्या दोन्ही सुळ्यांजवळ हिरडी किंचित वर सरकली आहे. पहिल्या ठिकाणी ब्रश नीट पोहोचत नसावा आणि दुसऱ्या ठिकाणी तो गरजेपेक्षा जोरात फिरत असावा, असा त्यांचा अंदाज आहे. इलेक्ट्रिक ब्रश घ्यावा का, असे विचारल्यावर त्यांनी घेतला तर उत्तमच, पण न घेताही चालेल, असे सांगितले. त्यामुळे निर्णय पुन्हा माझ्याकडेच आला.

साध्या ब्रशच्या तुलनेत ही वस्तू बरीच महाग आहे, आणि खर्च एकदाच होऊन संपत नाही. डोके ठरावीक काळाने बदलावे लागते, बॅटरी कधीतरी दम तोडते. शिवाय एकाच कंपनीच्या अगदी साध्या आणि अगदी महाग मॉडेलच्या किमतींत इतके अंतर असते की नेमके कशाचे पैसे घेतले जातात, हेच कळत नाही. जाहिरातींतले दावे मी बाजूला ठेवले आहेत.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. दात आणि हिरड्या यांच्यात मोजता येईल असा फरक खरोखर पडतो का, आणि पडत असेल तर किती? हिरडी आधीच सरकलेली असताना वेगाने हलणारा ब्रश तिला अधिक इजा तर करणार नाही ना? आणि घ्यायचाच झाला, तर कोणत्या सोयींसाठी जास्त पैसे मोजणे योग्य ठरेल? ज्यांनी या विषयाचा नीट विचार केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोरा कागद

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे बऱ्यापैकी ठोस उत्तर उपलब्ध आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2014 मध्ये साधा ब्रश आणि इलेक्ट्रिक ब्रश यांची तुलना करणारा आढावा प्रसिद्ध केला. त्यात 56 चाचण्या आणि पाच हजारांहून अधिक लोक होते. इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरचा प्लाक, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, पहिल्या एक ते तीन महिन्यांत सुमारे 11 टक्क्यांनी आणि तीन महिन्यांहून अधिक काळाच्या चाचण्यांत सुमारे 21 टक्क्यांनी कमी आढळला. हिरड्यांचा दाह याच दोन टप्प्यांवर अनुक्रमे 6 आणि 11 टक्क्यांनी कमी होता. म्हणजे फरक पडतो, आणि तो केवळ योगायोगाने दिसत नाही.

मात्र हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ही टक्केवारी दंतवैद्य दातांवरच्या थराला आणि हिरडीच्या लालसरपणाला जे गुण देतात, त्या गुणांच्या सरासरीतली घट आहे. त्यावरून तुमचे इतके दात किडायचे वाचतील किंवा इतके दात जास्त टिकतील असा निष्कर्ष थेट काढता येत नाही. प्लाक कमी राहणे दीर्घकाळात हिताचे असते, पण गुणांमधली अकरा टक्क्यांची घट एखाद्या व्यक्तीच्या तोंडात किती महत्त्वाची ठरेल, हे त्या व्यक्तीची मुळातली स्थिती कशी आहे यावर अवलंबून राहते. ज्याच्या हिरड्या आधीपासूनच निरोगी आहेत, त्याला सुधारण्याजोगे फारसे काही उरलेलेच नसते.

दीर्घकाळाचा विचार करायचा तर जर्मनीतील पोमेरेनिया भागात झालेल्या लोकसंख्या-अभ्यासाचा उल्लेख करावा लागेल. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधासाठी संशोधकांनी सुमारे 11 वर्षे त्याच लोकांची तपासणी केली. इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांमध्ये दात आणि हिरडी यांमधली फट खोल होत जाण्याचे प्रमाण सुमारे पाचव्या भागाने कमी होते आणि दात गमावण्याचे प्रमाणही जवळपास तितकेच कमी होते. हे प्रभावी वाटते, आणि मी त्याला महत्त्व देतो. पण या अभ्यासात कोणी कोणता ब्रश वापरायचा, हे संशोधकांनी ठरवले नव्हते. जो माणूस स्वतःहून महाग ब्रश विकत घेतो, तो बहुधा तपासणीलाही वेळेवर जातो, दातांच्या फटीही साफ करतो आणि त्याची आर्थिक स्थितीही बरी असते. संशोधक आकडेमोडीत अशा गोष्टींची भरपाई करण्याचा प्रयत्न करतात, तरी ती पूर्णपणे होत नाही. म्हणून त्या पाचव्या भागाचे सगळे श्रेय यंत्राला देऊ नये.

या दोन्ही अभ्यासांवरून माझे मत असे झाले आहे की इलेक्ट्रिक ब्रशचा फायदा खरा आहे, मध्यम आकाराचा आहे, आणि ज्याच्या सध्याच्या घासण्यात उणीव आहे त्याला तो सर्वांत जास्त मिळतो. तुमच्या दंतवैद्यांनी दाखवलेल्या दोन खुणा पाहता तुम्ही त्या गटात बसता.

खर्चाबद्दल सांगायचे तर यंत्राची किंमत एकटी पाहू नका. यंत्राची किंमत ते जितकी वर्षे चालेल तितक्या वर्षांनी भागा आणि त्यात वर्षाला चार डोक्यांची किंमत मिळवा, कारण साध्या ब्रशप्रमाणेच डोकेही साधारण दर तीन महिन्यांनी बदलायचे असते. आलेली रक्कम वर्षाला लागणाऱ्या चार साध्या ब्रशांच्या किमतीशी ताडून पाहा. असा हिशेब मांडला की अनेकदा यंत्रापेक्षा डोक्यांचाच खर्च मोठा निघतो, आणि यंत्र सवलतीत मिळाल्याचा आनंद फसवा ठरतो. म्हणून आधी डोक्यांची किंमत आणि ती पुढेही सहज मिळत राहतील की नाही हे पाहावे, आणि त्यानंतरच यंत्र निवडावे.

पांथस्थ

मी दंतवैद्य आहे. वरचे विवेचन योग्य आहे. मी तुमच्या दोन विशिष्ट जागांबद्दल आणि ब्रश धरण्याच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण पैसे वसूल होणे किंवा वाया जाणे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण साचण्याचे कारण केवळ ब्रश न पोहोचणे एवढेच नसते. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडे उघडतात आणि लाळेत कॅल्शियम व फॉस्फेट असते. तिथे प्लाक राहिला की हे क्षार त्यात उतरतात आणि थर कडक होतो. अत्यंत काळजीपूर्वक घासणाऱ्यांच्याही तोंडात या जागी थोडे कीटण सापडते. एकदा ते कडक झाले की साधा, इलेक्ट्रिक, स्वस्त, महाग असा कोणताही ब्रश ते काढू शकत नाही. त्यासाठी दवाखान्यात स्केलिंगच करावे लागते. म्हणून नवा ब्रश घेण्यापूर्वी आधीचे कीटण काढून घ्या. खडबडीत पृष्ठभागावर नवा थर लवकर धरतो, आणि ब्रश काही कामाचा नाही असा चुकीचा समज होतो. स्केलिंगनंतर मात्र इलेक्ट्रिक ब्रशचे लहान डोके त्या अरुंद, वळणदार जागेत उभे धरून सहज फिरवता येते. हा त्याचा खरा लाभ आहे.

सुळ्यांजवळची हिरडी सरकण्याचे कारण समजून घेणेही आवश्यक आहे. सुळा हा दातांच्या कमानीच्या वळणावर असतो, त्यामुळे आडवा ब्रश जोरात फिरवला की सर्वाधिक दाब तिथेच येतो. शिवाय त्याच्या मुळावरचे हाड बाहेरच्या बाजूने अनेकदा पातळ असते. सरकलेली हिरडी आपोआप पूर्वीच्या जागी येत नाही, त्यामुळे आता ती आणखी सरकू न देणे हेच उद्दिष्ट ठेवायचे. उघड्या पडलेल्या मुळावर इनॅमलचे कवच नसते. तिथला भाग मऊ असतो आणि जोरदार घासण्याने व खरखरीत टूथपेस्टने झिजतो. दात शुभ्र करण्याचा दावा करणाऱ्या काही पेस्टमध्ये घर्षण करणारे कण जास्त असतात, त्या तुम्ही टाळाव्यात.

इलेक्ट्रिक ब्रश या हिरडीला इजा करेल का, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. योग्य रीतीने वापरल्यास तो साध्या ब्रशहून अधिक इजा करतो असे दिसत नाही, उलट दाब ओळखणारा सेन्सर असेल तर तुमच्यासारख्यांना मदतच होते. जोर वाढला की दिवा लागतो किंवा मोटर मंदावते, आणि हात आपोआप हलका होत जातो. साध्या ब्रशमध्ये आपण किती जोर लावतो, हे कळायला काहीच साधन नसते. मात्र ज्यांना घासघासून दात साफ करायची सवय आहे, ते इलेक्ट्रिक ब्रशही तसाच पुढेमागे रगडतात. ती सवय आधी सोडावी लागते, कारण हालचाल करण्याचे काम आता यंत्राचे असते.

गोल डोक्याचा, आलटून पालटून दोन्ही दिशांना वळणारा ब्रश असेल तर तो एकेका दातावर ठेवावा, हिरडीच्या कडेशी थोडा थांबवावा आणि मग पुढच्या दातावर न्यावा. लांबट डोक्याचा, कंपन करणारा सोनिक ब्रश असेल तर त्याचे केस हिरडीच्या कडेशी साधारण 45 अंशांत टेकवून तो अगदी सावकाश सरकवावा. हा कोन साध्या ब्रशच्या बास पद्धतीतही सांगितलेला आहे. दोन्ही प्रकारांत दात घासायला दोन मिनिटे द्यायची असतात. अठ्ठावीस दात धरले तर प्रत्येक दाताच्या वाट्याला जेमतेम चार सेकंद येतात, आणि त्यातच आतली व बाहेरची बाजू आणि दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग उरकायचा असतो. दोन मिनिटे मोठा काळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा. ब्रशमधला टायमर दर तीस सेकंदांनी जबड्याचा पुढचा भाग घेण्याची सूचना देतो, आणि माझ्या मते सर्व सोयींमध्ये हीच सर्वांत मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेता सहसा सांगत नाही. दाताचे पाच पृष्ठभाग धरले तर त्यांपैकी दोन शेजारच्या दातांना लागून असतात, आणि तिथे कोणताही ब्रश नीट पोहोचत नाही. हिरड्यांचा दाह आणि कीड यांची सुरुवात अनेकदा त्या फटींतच होते. दात घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक धागा, आणि फट मोकळी असेल तर योग्य जाडीचा इंटरडेंटल ब्रश वापरावा लागतो. हे काम सोडून देऊन सगळा भरवसा महाग ब्रशवर ठेवणाऱ्यापेक्षा साधा ब्रश आणि फ्लॉस रोज नेमाने वापरणाऱ्याच्या हिरड्या मला जास्त चांगल्या दिसतात.

माळावरचा

मी दुसरी बाजू मांडतो. वरच्या दोन्ही उत्तरांतून असे दिसते की मुख्य फायदा वेळ, दाब आणि पद्धत सुधारल्याने होतो. यांपैकी वेळ कोणत्याही घड्याळावर लावता येतो. दाब कमी करण्यासाठी मऊ केसांचा ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांच्या टोकांत धरला तरी पुष्कळ फरक पडतो. आणि ब्रश कुठे पोहोचत नाही हे पाहण्यासाठी प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात. दात घासून झाल्यावर गोळी चघळून चूळ भरली की राहिलेला थर रंगीत दिसतो, आणि आपली कोणती जागा नेहमी सुटते हे आरशात स्पष्ट कळते. यंत्राच्या तुलनेत या गोळ्यांना अगदी किरकोळ खर्च येतो. ही चाचणी आधी करावी, काही आठवडे त्या जागांकडे मुद्दाम लक्ष द्यावे, आणि तरीही रंग तिथेच दिसत राहिला तर यंत्राचा विचार करावा, असा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

पर्यावरणाचा मुद्दाही खर्चातच धरला पाहिजे असे माझे ठाम मत आहे. ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये 2020 साली आलेल्या एका अभ्यासात प्लास्टिकचा साधा ब्रश, बांबूचा ब्रश, फक्त डोके बदलता येणारा साधा ब्रश आणि इलेक्ट्रिक ब्रश अशा चार प्रकारांची निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंत तुलना केली होती. बहुतेक निकषांवर इलेक्ट्रिक ब्रशचा भार सर्वाधिक निघाला. अनेक यंत्रांत बॅटरी पाणी शिरू नये म्हणून कायमची बंद केलेली असते, त्यामुळे ती कमकुवत झाली की चालू स्थितीतली मोटरही टाकून द्यावी लागते. ज्याला गरज आहे त्याने अवश्य घ्यावा, पण ज्याच्या हिरड्या निरोगी आहेत आणि ज्याचे दंतवैद्य दर तपासणीला समाधानी असतात, त्याने केवळ नवी वस्तू म्हणून घेऊ नये.

शुभ्रा

माझ्या वडिलांना पार्किन्सनचा आजार आहे. वरील चर्चेत निरोगी हात गृहीत धरले आहेत, म्हणून हे लिहिते. हात थरथरणे, संधिवाताने बोटे न वळणे, पक्षाघातानंतर एका बाजूची शक्ती कमी होणे अशा परिस्थितीत ब्रशची बारीक हालचाल करणेच अवघड असते. तिथे यंत्र ही चैन राहत नाही. जाड मूठ पकडायला सोपी जाते आणि केवळ ब्रश दातावर टेकवून धरणे जमले तरी बरेच काम होते. दुसऱ्याचे दात घासून देणाऱ्यालाही याचा फार उपयोग होतो, कारण समोरच्याच्या तोंडात हात नीट फिरवणे वाटते तितके सोपे नसते. स्वित्झर्लंडमध्ये 1954 मध्ये तयार झालेला ब्रोक्सोडेंट हा सुरुवातीचा इलेक्ट्रिक ब्रश मुळात हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या आणि दातांना तारा लावलेल्या रुग्णांसाठीच होता. घरात अशी व्यक्ती असेल तर खर्चाचा हिशेब फार ताणू नये, असे मला मनापासून वाटते. फक्त बटण मोठे आणि एकच असावे. अनेक मोड असलेले यंत्र वृद्धांना गोंधळात टाकते.

सांजवारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पांथस्थ, सुळ्याबद्दलचे तुमचे स्पष्टीकरण वाचून मी आरशात पाहिले आणि ते तंतोतंत पटले. स्केलिंग आधी करून घेणार आहे. माळावरचा, तुम्ही सुचवलेल्या गोळ्यांची चाचणीही त्यानंतर करेन, म्हणजे नेमकी कोणती उणीव भरून काढायची आहे हे समजेल. दाब ओळखणारा सेन्सर मात्र मला स्वतःसाठी आवश्यक वाटू लागला आहे, कारण जोर किती लागतो हे मला खरोखरच कळत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. घरातल्या दोघांनी एकच यंत्र वापरून डोकी वेगवेगळी ठेवली तर चालेल का? आणि सेन्सर व टायमर सोडून ब्लूटूथ, मोबाइल ॲप, अनेक मोड यांसाठी जास्त पैसे द्यावेत का? माझ्या एका दाढेवर कॅप आहे, त्याचाही उल्लेख करून ठेवते.

पांथस्थ

एकच यंत्र दोघांनी वापरायला हरकत नाही. डोकी मात्र वेगळीच हवीत आणि ती ओळखता यावीत म्हणून बहुतेक डोक्यांवर रंगीत कडी दिलेली असते. वापरानंतर डोके काढून दोन्ही भाग धुवावेत, कारण पेस्टचा ओला थर डोक्याच्या आतल्या बाजूला साचून काळपट होतो. डोके झाकून न ठेवता उभे वाळू द्यावे. केस तीन महिन्यांच्या आतच बाहेर वाकले तर डोके लगेच बदलावे, आणि ती जोर अजून जास्त लागत असल्याची खूणही समजावी.

ॲपसाठी जास्त पैसे देऊ नयेत, असे मी माझ्या रुग्णांनाही सांगतो. लहान मुलांना त्याचे आकर्षण वाटून ती पूर्ण वेळ घासतात, एवढा एक अपवाद मी मानतो. मोडपैकी एक नेहमीचा आणि एक सौम्य असला की पुरे. हिरडी सरकलेली असल्यामुळे तुम्ही सौम्य मोड आणि जास्त मऊ केसांच्या डोक्यापासून सुरुवात करावी. गोल डोके की सोनिक, याचा फार विचार करू नका. आढाव्यांत गोल डोक्याच्या बाजूने पुरावा अधिक आहे, तरी दोहोंतला फरक लहान आहे, आणि कंपन ज्याला सहन होत नाही तो चांगला ब्रशही कपाटात ठेवून देतो.

कॅप, फिलिंग किंवा इम्प्लांट यांवर मऊ डोके सुरक्षितपणे वापरता येते. कॅपची कड जिथे हिरडीला मिळते, तिथे मात्र दोन सेकंद जास्त थांबावे, कारण कॅपखालच्या दाताला कीड लागायची जागा तीच असते. दात नुकताच काढला असेल किंवा हिरडीची शस्त्रक्रिया झाली असेल तर दंतवैद्याने सांगेपर्यंत इलेक्ट्रिक ब्रश तिथे लावू नये. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला पेसमेकर असेल तर यंत्र घेण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, कारण मुठीत मोटर आणि चुंबक असतात. सुरुवातीच्या आठवडाभरात हिरड्यांतून थोडे रक्त आले तर घाबरून घासणे सोडू नये. सुजलेली हिरडी नीट साफ होऊ लागली की ते बहुधा थांबते. दोन आठवड्यांनंतरही रक्त येतच राहिले, तर ब्रशवर शंका घेण्यापूर्वी तपासणीला यावे.